मिश्र प्लॅस्टिकचा चिवटपणा आणि कम्पॅटिबिलायझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कम्पाउंडिंग करणारे, रिप्रोसेस दाणा बनवणारे आणि त्या दाण्यातून पार्ट काढणारे मोल्डर यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेक उत्तरं फिरून एकाच मुद्द्यावर येतात: पोत्यात नेमकं काय आहे? ते कळल्याशिवाय कम्पॅटिबिलायझर (न मिसळणारी प्लॅस्टिकं एकमेकांना धरून राहावीत म्हणून घालायचा पदार्थ) निवडणं म्हणजे रोग न तपासता औषध देणं.

दोन प्लॅस्टिक एकत्र वितळवली तरी ती एकजीव का होत नाहीत?

साखर पाण्यात विरघळते, कारण तिचे रेणू लहान असतात आणि विखुरले की त्यांना मोकळीक मिळते. पॉलिमरची साखळी हजारो दुव्यांची असते. तिला विखुरण्यातून मिळणारी मोकळीक नगण्य, त्यामुळे दोन साखळ्यांमध्ये किंचितशी नावड असली तरी ती वेगळं राहणंच पसंत करतात. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि पीई (पॉलिइथिलीन) दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनची, पाण्यावर तरंगणारी, दिसायलाही सारखी. तरी मिसळत नाहीत. पीपीओ (पॉलिफिनिलीन ऑक्साइड) आणि पॉलिस्टायरिन ही जोडी खरोखर विरघळून एक होते. १९६०च्या दशकात आलेलं नोरिल नावाचं प्लॅस्टिक त्याच जोडीचं. अशी उदाहरणं मोजकीच.

बाकी सगळीकडे चित्र एकच असतं: जास्त असलेल्या प्लॅस्टिकच्या समुद्रात कमी असलेल्याचे थेंब. थेंब मोठे आणि त्यांची कड सुटी असेल, तर तडा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उड्या मारत निघून जातो. पार्ट ठिसूळ.

कम्पॅटिबिलायझर नेमकं काय करतं?

तीन कामं. दोन वितळांमधला पृष्ठताण कमी करून थेंब बारीक होऊ देतं, बारीक झालेले थेंब पुन्हा एकमेकांत मिसळून मोठे होऊ देत नाही आणि दोन्हीकडे पाय रोवून सीमारेषेवर टाके घालतं. ते दोन प्लॅस्टिकचं एक प्लॅस्टिक करत नाही. डीएससीत (नमुना तापवत नेऊन वितळण्याचं तापमान दाखवणाऱ्या चाचणीत) नायलॉन ६ चं शिखर २२० अंशांच्या आसपास आणि पीपीचं १६०–१६५ ला आधी जसं दिसत होतं, तसं नंतरही दिसणार. 'आमचं ॲडिटिव्ह टाकलं की एकच शिखर येतं' असं कुणी सांगितलं तर नमुना मागा आणि स्वतः तपासा.

मग ते टाकलं की चिवटपणा येतोच, असं समजायचं का?

नाही. सगळ्यात जास्त पैसे या गैरसमजात वाया जातात.

टाके पक्के झाले की तडा कडेवरून पळत नाही, एवढंच. पुढे त्या तड्याची ताकद कुठेतरी जिरवावी लागते आणि ते काम मऊ, रबरासारख्या कणांचं. धक्का बसला की कण आतून फाटून पोकळ होतात, त्यांच्यामधला प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणला जातो आणि ताकद तिथे खर्च होते. नायलॉन ६ आणि पीपीच्या मिश्रणात फक्त मॅलेइक ॲनहायड्राइड (नायलॉनशी बंध जोडणारं रसायन) जोडलेलं पीपी टाकलं, तर ताण सोसण्याची ताकद आणि तुटेपर्यंतची लांबी चांगली वाढते. खाच पाडलेल्या नमुन्याचं आयझॉड (धक्का सोसण्याच्या चाचणीचा आकडा) मात्र फारसं हलत नाही. रबरच नाही, तर ताकद जिरणार कुठे?

ड्यूपॉंचे सूहेंग वू यांनी १९८५ मध्ये नायलॉन ६६ आणि रबर यांच्या मिश्रणावर दाखवलं की दोन कणांमधलं अंतर साधारण ०.३ मायक्रॉनच्या खाली आलं की ठिसूळ माल अचानक चिवट होतो. हळूहळू नव्हे, पायरी चढल्यासारखा. त्यांच्याच सूत्राने हिशेब करा: वजनाने २० टक्के रबर असेल तर कण सुमारे १ मायक्रॉनचे असले तरी चालतात, १० टक्केच घातलं तर ते अर्ध्या मायक्रॉनपर्यंत बारीक व्हायला हवेत. म्हणजे रबर वाचवायचं असेल तर कण बारीक करावे लागतात आणि तिथेच कम्पॅटिबिलायझरची खरी किंमत वसूल होते. फार बारीक करूनही उपयोग नाही; ०.१ मायक्रॉनच्या खालचे कण सहजासहजी पोकळ होत नाहीत.

पोत्यात काय आहे ते कसं ओळखायचं?

पाण्याची बादली ही पहिली चाळण. पीपी (घनता ०.९० ते ०.९१), पीईचे दोन प्रकार म्हणजे एलडीपीई (०.९१ ते ०.९३) आणि एचडीपीई (०.९४ ते ०.९६५) तरंगतात. एबीएस आणि पॉलिस्टायरिन १.०५ च्या आसपास, नायलॉन ६ १.१३, पीसी (पॉलिकार्बोनेट) १.२०, पीईटी (बाटल्यांचं प्लॅस्टिक) १.३३ च्या वर. ही सगळी बुडतात. पण २० टक्के टाल्कची भुकटी भरलेलं पीपीही बुडतं, कारण त्याची घनता १.०४–१.०५ होते. बंपरच्या भंगारात ही फसगत नेहमीची.

पीपीत पीई किती, हे बादली सांगू शकत नाही. जाळून वास घेण्यावरही विसंबू नका, मिश्रणात तो दगा देतो. एकदा डीएससी करून घ्या: एलडीपीई ११० अंशांच्या आसपास, एलएलडीपीई १२२–१२५ ला, एचडीपीई १३०–१३५ ला वितळतं. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटमध्ये (केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक संस्थेत) किंवा कुठल्याही चांगल्या खासगी प्रयोगशाळेत ही चाचणी होते. प्रत्येक लॉटची नको, पण भंगाराचा पुरवठादार बदलला की हवीच.

रिप्रोसेस पीपीत १०–१५ टक्के पीई येतं. त्यात मॅलेइक ॲनहायड्राइडवालं पीपी टाकलं, पण फरक पडला नाही. का?

कारण तिथे त्याला धरायला काहीच नाही. ॲनहायड्राइडला रासायनिक बंध जोडायला समोर अमाइन किंवा हायड्रॉक्सिल गट लागतो. नायलॉनला तो असतो, ईव्हीओएचला (फिल्ममधल्या हवा अडवणाऱ्या प्लॅस्टिकला) असतो, काचेच्या तंतूवरच्या लेपाला असतो. पीईला नसतो. तुम्ही महागडं, कमी रेणुभाराचं पीपी मिसळलंत आणि एमएफआय (वितळ किती सहज वाहतं त्याचा आकडा) वाढवून घेतलात, बाकी काही नाही.

पीपी-पीई जोडीला असा पदार्थ हवा ज्याच्या साखळीत दोघांचेही तुकडे आहेत किंवा जो दोघांशीही बऱ्यापैकी जुळतो. इथिलीन-प्रॉपिलीन रबर, ईपीडीएम, इथिलीन-ऑक्टीन इलॅस्टोमर म्हणजे आपल्याकडचं पीओई, प्रॉपिलीनवर आधारित इलॅस्टोमर आणि ओलेफिन ब्लॉक कोपॉलिमर हे त्या घराण्यातले. रोजच्या कामाला ५ ते १० टक्के पीओई पुरतं. ते सीमेवर बसतं आणि स्वतः रबर असल्यामुळे धक्काही जिरवतं. दोन्ही कामं एकाच पोत्यात होतात. किंमत मोजावी लागते ती कडकपणात. फ्लेक्सरल मॉड्युलस हमखास उतरतो, त्यामुळे खुर्चीच्या पायाला आणि बादलीच्या कानाला एकच फॉर्म्युला लावू नका.

ब्लॉक कोपॉलिमर जास्त नेमके असतात. कॉर्नेलचे जेफ्री कोट्स आणि मिनेसोटाचे फ्रँक बेट्स यांच्या गटांनी २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की पीई आणि पीपीचे आलटून-पालटून चार लांब तुकडे असलेली साखळी अवघी १ टक्का घातली तरी ठिसूळ मिश्रण चिवट होतं. मात्र ते प्रयोगशाळेतलं स्वच्छ पीई-पीपी होतं. रंग, शाई आणि माती असलेल्या भंगारात १ टक्क्याची अपेक्षा ठेवू नका.

पेरॉक्साइड टाकून पीपी-पीई आपोआप जोडता येतं ना?

पेरॉक्साइडने पीईच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पीपीच्या तुटतात. एकाच बॅरलमध्ये एक घट्ट, दुसरं पातळ. थोडे मिश्र रेणू तयार होतात खरे, पण एमएफआय ताब्यात ठेवणं अवघड आणि फिश-आय (मालातले न वितळलेले ठिपके) येतात ते वेगळंच. पीपीचा एमएफआय मुद्दाम वाढवायचा असेल तरच तो मार्ग धरा.

नायलॉन ६ आणि पीपीसाठी किती टाकायचं? हिशेब कसा?

सुरुवातीचा फॉर्म्युला: नायलॉन ६ ७० किलो, पीपी २५ किलो, मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पीपी ५ किलो. ॲनहायड्राइड १ टक्का धरला तर त्या ५ किलोत तो ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा मोल. नायलॉनच्या साखळ्यांच्या टोकांवरचे अमाइन गट किलोमागे ४०–५० मिलिमोल, म्हणजे ७० किलोत साधारण ३ मोल. अमाइन सहापट आहे, ॲनहायड्राइडला जोडीदार कमी पडणार नाही. कमी पडते ती सीमेवरची जागा भरायला साखळ्यांची संख्या.

ती जागा किती असते बघा. २५ किलो पीपीचे १० मायक्रॉनचे थेंब झाले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे १६,५०० चौरस मीटर, म्हणजे चार एकर. तेच थेंब १ मायक्रॉनचे केले तर चाळीस एकर. बारीक करत जाल तसं जास्त शेत पेरावं लागतं. २ टक्के टाकून मिश्रण भरड राहतं आणि ५–६ टक्क्यांना एकदम सुधारतं, ते यामुळेच.

आता चिवटपणा हवा असेल तर पीपीवालं कम्पॅटिबिलायझर कमी करून ॲनहायड्राइड जोडलेलं रबर आणा: नायलॉन ७०, पीपी १५, ॲनहायड्राइडवालं पीओई किंवा एसईबीएस १५. पीपी नकोच असेल आणि फक्त सुपर टफ नायलॉन करायचं असेल तर नायलॉन ८०, ॲनहायड्राइडवालं ईपीडीएम किंवा पीओई २०. कोरडं साधं नायलॉन ६ खाचेसह आयझॉडला ५० जूल प्रति मीटरच्या आसपास देतं. नीट बनलेलं सुपर टफ ८०० च्या पुढे जातं. १५ टक्के रबर घालूनही तुमचा आकडा १५०–२०० वर अडकला असेल, तर रबर कमी नाही, कण मोठे आहेत. आणखी रबर ओतण्याआधी स्क्रू आणि ओलावा तपासा.

सुकवणं इतकं महत्त्वाचं का? नायलॉन तर मोल्डिंगला तसंही सुकवतो.

मोल्डिंगला ०.२ टक्के ओलावा चालून जातो. मिश्रण करताना तो ०.१ च्या खाली असावा. पाणी दोन ठिकाणी नुकसान करतं. नायलॉनच्या साखळ्या तोडतं आणि ॲनहायड्राइडचं आम्ल करून ठेवतं. त्या आम्लाचं वितळ-तापमानाला पुन्हा ॲनहायड्राइड होतं, पण त्यातून पाणी सुटतं आणि स्ट्रँडमध्ये बुडबुडे दिसतात.

नायलॉन ६ डिह्युमिडिफाइंग ड्रायरमध्ये ८० अंशांना ४ ते ६ तास. साध्या गरम हवेच्या हॉपर ड्रायरने पावसाळ्यात भागत नाही, कारण तो बाहेरची दमट हवाच गरम करून आत ढकलतो. ९० च्या वर फार वेळ ठेवलं तर दाणा पिवळा पडतो.

कम्पॅटिबिलायझरचं पोतंही उघडं टाकू नका. भिवंडीच्या गोदामात जुलै महिन्यात तोंड उघडं राहिलेलं अर्धं पोतं आणि नवं पोतं यांत फरक पडतो. आयआर स्पेक्ट्रममध्ये १७८५ (प्रति सेंटिमीटर) च्या जवळचं ॲनहायड्राइडचं शिखर खाली बसून १७१० च्या आसपासचं आम्लाचं वर आलेलं दिसलं, की माल ओला झालाय हे पक्कं.

सिंगल स्क्रूवर जमेल का?

पीपी-पीई आणि पीओई बऱ्यापैकी जमतं, मिक्सिंग सेक्शन असलेला स्क्रू आणि आधी नीट कोरडं मिसळलेला माल असेल तर. नायलॉन-पीपी किंवा पीईटी-पीईसाठी को-रोटेटिंग ट्विन स्क्रूच घ्या, एल/डी (स्क्रूची लांबी भागिले व्यास) ४० च्या आसपास. अमाइन आणि ॲनहायड्राइडची गाठ काही सेकंदांत पडते, वेळ हा प्रश्नच नाही. प्रश्न त्यांना समोरासमोर आणण्याचा आहे आणि ते काम नीडिंग ब्लॉक (स्क्रूवरचे माल मळणारे तुकडे) करतात.

वितळलं की लगेच एक नीडिंग सेक्शन, त्यानंतर थोडी मोकळी चाल, मग दुसरं नीडिंग आणि पुढे व्हॅक्यूम व्हेंट. नायलॉन-पीपीला बॅरल २२५ ते २४५ अंश, स्क्रू मिनिटाला ३०० ते ४०० फेरे. फेरे वाढवले की थेंब बारीक होतात हे खरं, पण वितळ-तापमानही चढतं. २७० ओलांडलं तर पीपी तुटायला लागतं आणि मिळवलेलं हातचं जातं. बॅरलवरचा आकडा नव्हे, वितळात थर्मोकपल घालून मोजलेला आकडा पाहा.

रबराचे दाणे चिकट असतात. फीड थ्रोटला थंड पाणी चालू ठेवा, नाहीतर तोंडाशीच पूल बांधला जातो आणि फीडर पुढे काय देतोय याचा पत्ता लागत नाही.

दोन्ही प्लॅस्टिकच्या पातळपणाचा मेळ किती घालावा?

आत थेंब होणारं प्लॅस्टिक बाहेरच्यापेक्षा चार पटींहून जास्त घट्ट असेल, तर साध्या शिअरने ते तुटतच नाही, नुसतं गरगर फिरतं. म्हणून थेंबाचं प्लॅस्टिक समुद्राइतकं किंवा थोडं पातळ निवडा. रॅफियाच्या (विणलेल्या पोत्यांच्या पट्टीच्या) ग्रेडचं घट्ट पीपी पातळ नायलॉनमध्ये घालून बारीक होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पहिली चाचणी कशी घ्यावी?

कम्पॅटिबिलायझर ०, २, ५ आणि ८ टक्के, बाकी काहीही न बदलता. शून्याची बॅच काढायला बहुतेक जण कंटाळतात आणि मग तुलना कशाशी करायची हेच राहत नाही. प्रत्येक बदलानंतर पहिली १०–१५ मिनिटं निघालेला माल लम्समध्ये (टाकाऊ गोळ्यांत) टाका. टॉर्क लिहून ठेवा: प्रतिक्रिया होत असेल तर त्याच फेऱ्यांना टॉर्क चढतो. मग तिन्ही गोष्टी एकत्र मोजा: एमएफआय, खाचेसह आयझॉड आणि फ्लेक्सरल मॉड्युलस. नायलॉनच्या मिश्रणात कम्पॅटिबिलायझर वाढताना एमएफआय उतरायला हवा. तो चढत असेल तर टाके पडत नाहीयेत. तुम्ही पातळ पीपी घालताय किंवा ओल्या नायलॉनच्या साखळ्या तुटताहेत.

प्रतिक्रिया झाली की नाही, हे महागड्या मायक्रोस्कोपशिवाय कळेल?

नायलॉनच्या बाबतीत कळेल. मोलाऊ चाचणी जुनी आहे, पण आजही तितकीच कामाची. एक-दोन ग्रॅम दाणा परीक्षानळीत ८५–९० टक्के फॉर्मिक ॲसिडमध्ये घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. फॉर्मिक ॲसिड नायलॉन विरघळवतं, पीपीला हात लावत नाही. टाके पडले नसतील तर पीपी वर तरंगतं आणि खाली स्वच्छ द्रव राहतो. पडले असतील तर सगळी नळी दुधाळ होते आणि तशीच राहते, कारण नायलॉनच्या शेपट्या पीपीच्या कणांना धरून ठेवतात. शून्याची बॅच शेजारच्या नळीत हवीच. फॉर्मिक ॲसिड कातडी भाजतं आणि त्याची वाफ छातीत जाते; हातमोजे, गॉगल आणि फ्यूम हुड असेल तरच करा, ऑफिसच्या टेबलावर नको.

जास्त टाकलं तर जास्त चांगलं होईल का?

सीमेवर जागा भरली की उरलेलं कम्पॅटिबिलायझर समुद्रात स्वतःचे पुंजके करून बसतं. ॲनहायड्राइडवालं पीपी बनवतानाच त्याच्या साखळ्या तुटलेल्या असतात. जास्त ॲनहायड्राइडच्या ग्रेडचा एमएफआय १०० च्या पुढे असू शकतो. ते १०–१२ टक्के घालणं म्हणजे मिश्रणात अशक्त पीपी वाढवणं. मॉड्युलस आणि उष्णतेचा टिकाव उतरतो, वास येतो, डायवर थर बसतो. ॲनहायड्राइडचा जास्त टक्का हीसुद्धा जाहिरातीतली गोष्ट समजा: त्याच्यासोबत साखळी किती तुटली, ते विचारा.

सगळं बरोबर केलं, तरी टाके पडत नाहीत. कुणी आड येतंय का?

बहुधा स्टिअरेट, म्हणजे वंगण म्हणून घातला जाणारा पदार्थ. कॅल्शियम आणि झिंक स्टिअरेट ॲनहायड्राइडला धरून निकामी करतात. लाकडाचा भुसा घातलेल्या पीपीच्या धंद्यात हे फार पूर्वी कळलेलं आहे. फॉर्म्युल्यात तुम्ही घातलं नसेल, पण काळ्या मास्टरबॅचमध्ये (रंगाच्या घट्ट दाण्यात) किंवा लेप दिलेल्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ते येतं. साधं कॅल्शियम कार्बोनेटही अल्कधर्मी असल्यामुळे वाटेकरी होतं. टाल्क त्या मानाने निरुपद्रवी. अमाइन जातीचे लाइट स्टॅबिलायझरही आम्लाशी जुळवून घेत नाहीत; बाहेर उन्हात राहणाऱ्या पार्टला कमी क्षारतेचा प्रकार मागा. शक्य असेल तेव्हा फिलर आणि मास्टरबॅच पुढच्या साइड फीडरमधून घाला, म्हणजे तोवर टाके पडून गेलेले असतात.

दाणा तपासणीत उत्तम, पण पार्टला गेटजवळ पापुद्रे सुटतात.

गेटपाशी, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडाशी, वेग सर्वांत जास्त. तिथे थेंब ताणून चादरी होतात आणि त्या सोलल्या जातात. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली की लगेच समजतं. इंजेक्शनचा वेग कमी करा, गेट मोठा करा, साच्याचं तापमान थोडं वाढवा. तेवढ्याने पापुद्रे नाहीसे झाले नाहीत तर दोष दाण्यातच आहे: कम्पॅटिबिलायझर अपुरं किंवा भंगारात तिसरंच काही आलेलं. पीपीच्या पार्टमध्ये पीईटीच्या बाटलीची एखादी टिकली असली तरी असे पापुद्रे सुटतात.

आणि दाण्याचा नमुना चिवट, पार्ट ठिसूळ, असं का होतं?

हॉट रनरमध्ये (साच्यातल्या तापत्या वाटेत) किंवा बॅरलमध्ये माल थांबून राहिला की नीट न टाचलेले थेंब हळूहळू एकत्र येऊन मोठे होतात. ट्विन स्क्रूने केलेलं बारीक काम दहा मिनिटांच्या ब्रेकडाउनने मोडतं. हे तपासायची सोपी रीत: दाणा पुन्हा एकदा नुसता एक्स्ट्रूड करा आणि आयझॉड घ्या. आकडा टिकला तर टाके पक्के. निम्म्यावर आला तर कम्पॅटिबिलायझर वाढवा किंवा बदला. रनर आणि रिजेक्शनचा ग्राइंड पुन्हा वापरणाऱ्यांनी ही चाचणी आधीच करून ठेवावी.

पीईटी बाटल्यांच्या फ्लेकमध्ये झाकणांचं पीई-पीपी येतं. त्यावर उपाय?

आधी पाण्यात धुऊन वेगळं काढा. तरंगतं ते झाकण. त्यानंतर उरलेल्यासाठी ग्लायसिडिल मेथाक्रिलेट असलेलं इथिलीन कोपॉलिमर, ज्यात मेथाक्रिलेट साधारण ८ टक्के असतं, ५ ते १० टक्के. त्याचा इपॉक्सी गट पीईटीच्या टोकावरच्या कार्बोक्झिलशी जुळतो. पीईटी स्फटिक करून, १६० अंशांना ४–६ तास डिह्युमिडिफायरवर सुकवून ओलावा ५० पीपीएमच्या खाली आणा, नाहीतर २७० अंशांना पाणी साखळ्या तोडतं आणि सगळा खेळ तिथेच संपतो. इथे जास्त मात्रा जेल करते: प्रेशर चढतं, स्क्रीन चोंदते.

फ्लेकमध्ये पीव्हीसी असेल तर कुठलंही ॲडिटिव्ह वाचवणार नाही. या तापमानाला पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, पीईटी पिवळं पडतं, काळे ठिपके येतात आणि स्क्रूला गंज लागतो तो वेगळा. पीव्हीसीही पाण्यात पीईटीबरोबर बुडतं, त्यामुळे ते हाताने किंवा सॉर्टरनेच काढावं लागतं.

पीसी-एबीएसला कम्पॅटिबिलायझर लागतं का?

बऱ्याचदा नाही. एबीएसमधल्या एसएएनमध्ये (स्टायरिन-ॲक्रिलोनायट्राइलमध्ये) ॲक्रिलोनायट्राइल २५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ते पीसीला आपणहून बऱ्यापैकी चिकटतं. ठिसूळपणा येतो तो बहुधा पीसीच्या साखळ्या तुटल्यामुळे: ओलावा, एबीएसमध्ये उरलेले इमल्शनचे क्षार, चुकीचं रंगद्रव्य. १००–११० अंशांना ३–४ तास सुकवून ०.०२ टक्क्यांच्या खाली आणा आणि एमएफआय पाहा; तो मूळ मालापेक्षा बराच चढला असेल तर ॲडिटिव्हमागे धावू नका. भंगारातून आलेल्या मिश्रणात रबर कमी पडत असेल तर ३ ते ५ टक्के एमबीएस कोअर-शेल मॉडिफायर (कडक कवचाचे रबराचे कण) काम करतं.

दुधाच्या, तेलाच्या पिशव्यांची बहुस्तर फिल्म चालते का?

निव्वळ पीईची असेल तर प्रश्नच नाही. पीई-नायलॉन फिल्मला पीईवर ॲनहायड्राइड जोडलेलं कम्पॅटिबिलायझर ५ ते १० टक्के. तिच्या दोन थरांमधला चिकट थर बहुधा त्याच जातीचा असतो, तेव्हा थोडा वाटा फिल्म स्वतःच घेऊन येते. ० टक्क्याची बॅच काढलीत तर तो वाटा किती ते दिसेल. पीईटी, ॲल्युमिनियमचा थर, शाई आणि पीई यांचं लॅमिनेट मात्र सोडून द्या. पीईटी वितळायला लागणाऱ्या तापमानाला शाई जळून गॅस करते आणि मिळणाऱ्या मालाला ॲडिटिव्हची किंमत झेपत नाही.

दोन प्रयोगशाळांचे आयझॉडचे आकडे जुळत नाहीत.

आधी एकक पाहा: एकाने जूल प्रति मीटर दिलं असेल, दुसऱ्याने किलोजूल प्रति चौरस मीटर. मग खाच. टोकाची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर हवी. बोथट कटरने पाडलेली खाच मालाला उगाच चिवट ठरवते. खाच मशीनने पाडलेली हवी, साच्यातून आलेली नव्हे. नमुने २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला किमान ४० तास ठेवा. नायलॉनचा नमुना कोरडा होता की हवेतलं पाणी प्यायलेला, हे रिपोर्टवर लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरर्थक, कारण पाण्यानेच नायलॉन चिवट होतं.

सरासरीवर थांबू नका, दहाही तुकडे हातात घ्या. पूर्ण दोन तुकडे, बिजागरीसारखा लटकलेला की अर्धवट तुटलेला? तुटल्या जागी पांढरं पडलंय का? दहातले सहा चिवट आणि चार ठिसूळ असतील तर सरासरी छान दिसते, पण माल ठिसूळ-चिवटच्या त्या पायरीच्या काठावर उभा असतो. चाकणच्या वाहन उद्योगाला माल देत असाल तर २३ अंशांसोबत उणे ३० ला पण घ्या: पीपीचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक होतं) शून्य अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे खोलीत चिवट दिसणारा बंपरचा माल तिथे काचेसारखा फुटू शकतो.

दाण्याला झोंबणारा वास येतो आणि डोळे चुरचुरतात.

न जोडला गेलेला मॅलेइक ॲनहायड्राइड. स्वस्त ग्रेडमध्ये तो जास्त असतो. व्हेंटचं व्हॅक्यूम खरंच ओढतंय का ते पाहा. व्हेंटचं तोंड मालाने बुजलेलं असलं तरी गेजवर आकडा छान दिसतो. डायवर धूर ओढणारा हूड बसवा. ही वाफ श्वासाची ॲलर्जी जडवू शकते, सवय होईल म्हणून सोडून देऊ नका.

शेवटी परवडतं का?

कम्पॅटिबिलायझरचा भाव मूळ मालाच्या तिप्पट धरला आणि ५ टक्के घातलं, तर कच्च्या मालाचा खर्च १० टक्क्यांनी वाढतो. हा वाढीव खर्च दाण्याच्या भावात निघतो का, की तोच दाणा जाड भिंतीच्या, धक्का न बसणाऱ्या पार्टला तसाच विकता येतो, हे आधी ठरवा. कुंडीला आणि पॅलेटला आयझॉड ४० असो की १२०, गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. क्रेटला पडतो. आणि भंगार वेगळं करायला एक माणूस जास्त ठेवल्याने ५ टक्क्यांचे २ होत असतील, तर तो माणूस ॲडिटिव्हपेक्षा स्वस्त पडतो.